साथीच्या काळात वैमानिकाचं लायसन्स चालू ठेवताना: तारखा, मेडिकल आणि हाताचा सराव

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात सापडले. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. मधल्या दोन आठवड्यांत मला विद्यार्थ्यांचे जे फोन आले, त्यांत विमान कसं उडवायचं याबद्दल एकही प्रश्न नव्हता. सगळे तारखांबद्दल विचारत होते. "मॅम, माझं मेडिकल दहा एप्रिलला संपतंय." "मॅम, आयआर चेक (फक्त उपकरणं बघून उडण्याच्या पात्रतेची तपासणी) बाकी आहे आणि एक्झामिनर मुंबईत अडकलेत." एकाने तर रात्री अकराला फोन करून विचारलं, "आता उड्डाणाचे दोनशे तास वाया जाणार का?"

मी बारामतीच्या धावपट्टीवर शिकवते आणि राहते पुण्यात. त्या दोन वर्षांत मी स्वतःचं लायसन्स सांभाळलं, विद्यार्थ्यांची सांभाळायला मदत केली, आणि एकदा माझंच मेडिकल हातातून निसटू दिलं. तेव्हा कोणीतरी हे सगळं बसवून सांगायला हवं होतं असं वाटायचं, म्हणून आता लिहिते आहे. पुढची साथ कोविडचीच असेल असं नाही. पण तपासणी केंद्रं बंद, प्रवासाला बंदी, विमानं जमिनीवर आणि परीक्षक घरात, ही स्थिती पुन्हा तशीच येऊ शकते.

एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वैमानिकाच्या दोन मुदती असतात. एक कागदाची, दुसरी हाताची. कागदाची मुदत डीजीसीए, म्हणजे देशातलं नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं, एका आदेशाने वाढवू शकते. हाताची मुदत त्या आदेशाने वाढत नाही. साथीत बहुतेकांची सगळी धावपळ पहिलीसाठी होते, आणि विमान पुन्हा सुरू झालं की दुसरी संपलेली असल्याचं कळतं.

पहिलं काम: तारखांचा तक्ता

लायसन्सवरची तारीख ही सर्वांत दूरची तारीख असते, त्यामुळे तीच फसवते. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) आणि एटीपीएलची (एअरलाइन वैमानिकाचं लायसन्स) मुदत २०२३च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलून ५ वर्षांवरून १० वर्षं झाली. त्यामुळे आता लायसन्स हातात असलं की माणूस निर्धास्त होतो. पण लायसन्स वापरायचा हक्क बाकीच्या छोट्या तारखांवर टांगलेला असतो. एका कागदावर, किंवा मोबाइलमधल्या शीटवर, पुढच्या ओळी आजच लिहा.

मेडिकल. व्यावसायिक उड्डाणासाठी लागणारं क्लास १ साधारणपणे १२ महिने चालतं. साठीनंतर ते ६ महिन्यांवर येतं, आणि एकट्या वैमानिकाने प्रवासी वाहतूक करायची असेल तर चाळिशीनंतरही. पीपीएलवाल्यांना, म्हणजे खासगी वैमानिकांना, क्लास २ लागतं.

इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे आयआरची, तपासणी, १२ महिन्यांची. एअरलाइनमध्ये असाल तर प्रोफिशियन्सी चेक वर्षातून दोनदा. हे दोन चेक एकमेकांना चिकटून उरकता येत नाहीत: सलग चार महिन्यांच्या आत केलेले दोन सारखे चेक वर्षाची अट पूर्ण करत नाहीत. त्यामुळे 'आत्ता दोन्ही करून टाकू' ही पळवाट बंद आहे.

प्रवासी नेण्यासाठीची ताजेपणाची अट: मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग, त्याच प्रकारच्या विमानात किंवा मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर. टाळेबंदीत सर्वांत आधी हीच तारीख जाते, आणि ती कुठेच छापलेली नसते. ती लॉगबुकमधून मोजून काढावी लागते.

इंग्रजी भाषेची पातळी. चौथी पातळी असेल तर ३ वर्षं, पाचवी असेल तर ६ वर्षं, सहावी असेल तर पुन्हा परीक्षा नाही. मग रेडिओ टेलिफोनीचं लायसन्स, इन्स्ट्रक्टर रेटिंग, विमानतळाचा प्रवेश पास, पासपोर्ट.

प्रत्येक तारखेसमोर दोन रकाने आणखी काढा. पहिल्यात लिहा, 'ही तारीख वाढवायला कोण लागतं?' म्हणजे डॉक्टर, एक्झामिनर, सिम्युलेटर, टपाल की फक्त इंटरनेट. दुसऱ्यात लिहा, 'त्याआधी काय वैध असावं लागतं?' आयआर चेकला मेडिकल चालू लागतं. मेडिकलला लॅबचे रिपोर्ट लागतात. लॅब साथीत सर्वांत आधी गर्दीने भरते किंवा बंद होते. ही साखळी उलटी वाचलीत की खरी अडचण लगेच दिसते: चेक नोव्हेंबरमध्ये असला तरी काम सप्टेंबरात रक्त देण्यापासून सुरू होतं.

साथीचं संकट आलं म्हणून बाकीची संकटं थांबत नाहीत, हेही तक्ता करताना धरून चाला. लोहगावची, म्हणजे पुणे विमानतळाची, धावपट्टी हवाई दलाची आहे. ती पुन्हा डांबरीकरण करण्यासाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ अशी सलग चौदा दिवस बंद होती. दुसरी लाट ओसरून लोक नुकते चेकसाठी गुरुग्राम, हैदराबाद, बंगळूरला जायला लागले होते, आणि पुणेकरांना त्यासाठी आधी मुंबई गाठावी लागली. ज्यांनी तारीख महिनाभर अलीकडे घेतली होती ते सुटले.

मेडिकल

माझी चूक इथेच झाली. २०२१च्या मार्चमध्ये माझं क्लास १ संपायला सात आठवडे होते. 'अजून वेळ आहे' म्हणत मी थांबले. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, २३ एप्रिलपासून जिल्हा ओलांडायला पुन्हा ई-पास लागू झाला, आणि ज्या लॅबमध्ये मी दरवर्षी जायचे तिथे कोविड तपासणीशिवाय दुसरं काहीच घेत नव्हते. पुढे डॉक्टरांची वेळ मिळाली तेव्हा रिपोर्ट जुने झाले होते. सगळं पुन्हा करावं लागलं आणि जवळजवळ सहा आठवडे मी जमिनीवर राहिले.

म्हणून माझा नियम: साथीची बातमी स्थानिक झाली, म्हणजे आपल्या जिल्ह्यात रुग्ण सापडू लागले, की मुदत किती उरली आहे हे न पाहता वेळ घ्यायचा. रक्त, लघवी, ईसीजी, ऑडिओमेट्री, डोळे, या तपासण्या एकाच छताखाली होतील असं केंद्र आधी शोधून ठेवा. मोठ्या रुग्णालयाला जोडलेली लॅब साथीत टाळा. पेठेतली किंवा उपनगरातली स्वतंत्र डायग्नोस्टिक सेंटरं तेव्हा जास्त उपयोगी पडतात. सकाळी पहिला नंबर घ्या: उपाशीपोटीची साखर द्यायची असतेच, आणि गर्दीही कमी असते.

टाळेबंदीत घरी बसून वजन वाढतं आणि रक्तदाबही वाढतो. मेडिकलच्या खोलीत तो पहिल्यांदा कळू देऊ नका. घरी मशीन असेल तर आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. आकडा जास्त येत असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी दाखवा. उपचार सुरू असलेला, नोंद असलेला रक्तदाब वैद्यकीय परीक्षकाला समजतो. अचानक सापडलेल्या रक्तदाबामुळे 'तात्पुरते अपात्र' हा शेरा येतो आणि मग पुन्हा रांग लागते.

आता आजाराबद्दल. हे मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचं आहे, कारण त्या काळात अनेक तरुण मुलांनी आजार लपवला. मेडिकलचा कागद वैध असणं आणि आज तुम्ही तंदुरुस्त असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो की आपली शारीरिक क्षमता घटली आहे हे ठाऊक असताना लायसन्सचा हक्क वापरायचा नाही. याला कागदाची तारीख आड येत नाही. ताप गेला, चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे बरे झालो असं नाही. जिना चढताना धाप लागते का? बसल्या जागी छातीत धडधडतं का? दुपारी डोळे मिटतात का? वाक्य अर्धवट राहतं का? यांतलं एकही 'हो' असेल तर आपल्या परीक्षकाला कळवा आणि विशेष तपासणी लागते का ते विचारा.

उंचीचा हिशेबही लक्षात घ्या. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटरवर आहे. छोट्या विमानातून सह्याद्री ओलांडताना आपण सहा-सात हजार फुटांवर असतो, आणि जेटमध्ये केबिनची उंची साधारण सहा ते आठ हजार फुटांइतकी ठेवलेली असते. निरोगी माणसाचंही ऑक्सिजनचं प्रमाण तिथे काही टक्के खाली येतं. घरात बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आधीच कमी आकडा असेल, तर वर तो आणखी घसरणार.

लसीबद्दल: मार्च २०२१ मध्ये डीजीसीएने वैमानिक आणि केबिन क्रूला लस घेतल्यावर ४८ तास उड्डाणाला मनाई केली होती. त्यानंतरही त्रास राहिला आणि तो चौदा दिवसांपलीकडे गेला तर विशेष वैद्यकीय तपासणी, असा नियम होता. पुढच्या एखाद्या लसीसाठी आकडे वेगळे असतील. सवय मात्र तीच ठेवा: लस उड्डाणाच्या आदल्या दिवशी कधीच नको, आणि लसीची तारीख तक्त्यात. सर्दी-खोकल्याच्या साध्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत. त्यांतल्या अनेकांनी झोप येते, आणि ती झोप कॉकपिटमध्ये फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलायच्या क्षणी, येते.

मुदतवाढीचा आदेश कसा वाचायचा

आदेश व्हॉट्सअॅपवर येतो तेव्हा तो अर्धाच येतो. पहिलं पान फिरतं, अटी दुसऱ्या पानावर राहतात. मूळ आदेश डीजीसीएच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा.

पहिली खूण: कोणत्या गोष्टीला वाढ आहे? लायसन्सला, रेटिंगला, मेडिकलला की ९० दिवसांच्या ताजेपणाला? एकाला मिळाली म्हणून दुसऱ्याला मिळत नाही. दुसरी खूण: कोणत्या तारखेदरम्यान संपणाऱ्यांना? तुमची तारीख आदल्या दिवशीची असेल तर तुम्ही त्यात नाही. तिसरी: वाढ मूळ तारखेपासून मोजायची की आदेशाच्या तारखेपासून? चौथी, जी सगळे विसरतात: अट काय आहे? ऑनलाइन प्रशिक्षण, कंपनीने केलेलं मूल्यमापन, मागच्या मेडिकलमध्ये कोणतीही मर्यादा नसणं, अशा अटी असू शकतात. मागच्या मेडिकलवर चष्म्याखेरीज दुसरा काही शेरा असेल तर वाढ आपल्याला लागू आहे असं परस्पर समजू नका. ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर छापून ठेवा.

साथ नसतानाही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, पहिल्या परिशिष्टात अशी तरतूद आहे की लायसन्स देणारं खातं स्वतःच्या अधिकारात मेडिकलची मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढवू शकतं. ती तुमचा हक्क नाही, खात्याचा अधिकार आहे. अर्ज मुदत संपण्याआधी गेला पाहिजे.

आता परदेशाचा मुद्दा. १९४४च्या शिकागो कराराचं ३९वं आणि ४०वं कलम असं सांगतं की आंतरराष्ट्रीय निकष पूर्ण न करणाऱ्या लायसन्सवर तशी नोंद असावी, आणि असं लायसन्स घेऊन दुसऱ्या देशाच्या हद्दीत त्या देशाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. म्हणजे भारताने दिलेली मुदतवाढ नागपूरला चालते, दुबईला चालेलच असं नाही. यासाठीच आयकाओने २०२० मध्ये सीसीआरडी नावाची नोंदवही उघडली होती. कोणत्या देशाने कोणती सवलत दिली आणि दुसऱ्याची कोणती मान्य केली हे देशांनी तिथे नोंदवायचं होतं. एअरलाइनमध्ये ही तपासणी कंपनी करते. तुम्ही चार्टर किंवा खासगी विमान उडवत असाल तर ती तुम्हालाच करावी लागते.

पुण्याहून अमेरिकेत जाऊन शिकलेल्या आणि परत येऊन लायसन्स बदलून घेणाऱ्या मुलांना यात विशेष सांगते. अमेरिकेने २०२० मध्ये एसएफएआर ११८ हा तात्पुरता नियम आणून तिथल्या काही मुदती वाढवल्या होत्या. युरोपात आपल्या मूळ विमान वाहतूक कायद्यातल्या ७१व्या कलमाखाली देशादेशाने सवलती दिल्या. ती वाढ तिथल्या कागदाला होती. इथे अर्ज करताना डीजीसीए स्वतःच्या नियमाने तास आणि तारखा मोजते.

आणि विमा. मुदतवाढीवर उडणाऱ्या वैमानिकाला पॉलिसी धरते का, हे विमानाच्या मालकाकडून लेखी घ्या. फोनवरचं 'हो हो, चालतं' पुरत नाही.

हल्ली डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर अर्ज, लॉगबुक, मेडिकल सगळं एका जागी दिसतं, आणि २०२५च्या फेब्रुवारीपासून लायसन्सही मोबाइलवर आलं आहे. टपाल बंद पडल्यावर अडकायचे दिवस त्यामुळे गेले. तरीही प्रत्येक अर्जाची पोच त्याच दिवशी जतन करा. संकटाच्या काळात पोर्टलवर ताण येतो, आणि पोच नसेल तर तुम्ही अर्ज केला होता हे दाखवायला काहीच उरत नाही.

दोनशे तासांच्या आसपास असलेल्या विद्यार्थ्यांसाठी

सीपीएलला २०० तास लागतात हे सगळ्यांना पाठ असतं. त्यांतले १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला वैमानिक, म्हणून हवेत, आणि त्या शंभरांपैकी १५ तास अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांत झालेले हवेत, ही अट शेवटी आठवते. माझ्या एका विद्यार्थ्याने फेब्रुवारी २०२० मध्ये आनंदाने शेवटचा तास संपवला. एक पेपर आणि मेडिकलचं नूतनीकरण राहिलं होतं. ते पूर्ण होईपर्यंत सहा महिने उलटले, आणि त्याला ते पंधरा तास पुन्हा उडावे लागले. तासाला किती पैसे लागतात हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या वडिलांनी त्यासाठी एफडी मोडली.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पेपर, मग मेडिकल, मग रेडिओचं लायसन्स, आणि शेवटचे पंधरा-वीस कमांड तास हे सगळं जुळल्यावर. साथीची चाहूल लागली तर तास भराभर संपवायचा मोह होतो. तो आवरा. उडायचंच असेल तर ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बरोबर घेऊन, उडा, त्यांच्याकडून चुका काढून घ्या, आणि कमांडचे शेवटचे तास राखून ठेवा. बंद काळात पेपर उरकता येतात, कारण नॅव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजीला धावपट्टी लागत नाही.

हात चालू ठेवणं, घरात बसून

सप्टेंबर २०२० मध्ये इंडोनेशियात मेदानला एक एअरबस ए३३० उतरताना धावपट्टी सोडून बाजूला गेलं. सगळे सुखरूप होते. तिथल्या तपास समितीने नोंदवलं की कॅप्टनचं मागच्या ९० दिवसांतलं उड्डाण ३ तासांपेक्षा कमी होतं, आणि सहवैमानिक १ फेब्रुवारीनंतर उडालाच नव्हता. त्या देशातही सवलती होत्या, आणि कागद चालू होते.

खंड पडल्यावर काय आधी जातं? विमान सरळ धरणं फारसं विसरत नाही, ते सायकलसारखं आहे. आधी जातो तो क्रम: कशानंतर काय, कोणत्या उंचीवर कोणता कॉल, इंजिन बंद पडलं तर पहिले चार हात कुठे. आणि चांगली बाब ही की क्रमाचा सराव घरात करता येतो.

रोज २५ मिनिटं, ठरलेल्या वेळी. कॉकपिटचा मोठा छापील फोटो भिंतीला लावा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, उशी नको. डोळे उघडे ठेवून, तोंडाने बोलत, हात खरंच त्या त्या जागी नेत पूर्ण उड्डाण करा: बाहेरची तपासणी, स्टार्ट, टॅक्सी, रन-अप (उड्डाणाआधी इंजिनची तपासणी), टेकऑफ, सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी), लँडिंग. मनातल्या मनात केलेलं धरू नका. बोलल्याशिवाय चूक ऐकू येत नाही. आठवड्यातून तीन दिवस यात एक बिघाड घाला. टेकऑफनंतर पाचशे फुटांवर इंजिन गेलं. नाक खाली, वेग पकडा (सेसना १७२ एसला बेस्ट ग्लाइड ६८ नॉट्स, तुमच्या विमानाचा आकडा त्याच्या हँडबुकमधून घ्या), समोर शेत शोधा, इंधन, मिक्श्चर, मॅग्नेटो. चाळीस सेकंदांत जमलं नाही तर पुन्हा.

कोथरूडच्या एका विद्यार्थ्याने चेकलिस्ट देवनागरीत लिहून आजीला दिली होती. आजी खुर्चीशेजारी बसून वाचायची, "मिक्श्चर?" आणि हा म्हणायचा, "रिच." एखादी ओळ त्याने गाळली की आजी थांबायची. "मधलं एक राहिलं रे बाळा." दोन महिने हे रोज चाललं. टाळेबंदीनंतर माझ्याकडे परतलेल्यांमध्ये चेकलिस्ट सर्वांत स्वच्छ त्याची होती.

रेडिओसाठी: लोहगावचा (विमानतळाचा कोड व्हीएपीओ) हवामान अहवाल रोज सकाळी उघडा आणि मोठ्याने वाचा. वारा कुठून, कोणती धावपट्टी असेल, क्रॉसविंड (आडवा वारा) किती, ढग कोणत्या उंचीवर. मग खिडकीतून बाहेर बघून ताडून पाहा. जूनपासून पुण्यावर ढग खाली येतात. बारामती पर्जन्यछायेत असल्याने तिथे त्याच दिवशी उडण्यासारखं असू शकतं. हा फरक महिनाभर रोज पाहिलात तर परतल्यावर हवामानाचा निर्णय घेताना चाचपडावं लागणार नाही.

संगणकावरचा सिम्युलेटर चांगला आहे, त्यावर इन्स्ट्रुमेंटची नजर आणि अप्रोचची प्रक्रिया तयार राहते. पण त्याचे तास लॉगबुकमध्ये जात नाहीत. तास फक्त डीजीसीएने मान्य केलेल्या उपकरणावरचे. तसंच हडपसरच्या ग्लायडरवर मिळालेला सराव हाताला फार छान वळण लावतो, पण इंजिनच्या विमानाच्या ९० दिवसांत तो मोजला जात नाही.

धावपट्टीपर्यंत आणि कॉकपिटमध्ये

पुणे ते बारामती सुमारे शंभर किलोमीटर. जिल्हा तोच असला तरी नाक्यावर थांबवलं की काय दाखवणार? संस्थेचं पत्र, उड्डाणाच्या वेळापत्रकाची प्रत, ओळखपत्र आणि पास एका पाकिटात गाडीतच ठेवा. शक्य असेल तर तिथेच राहा. आम्ही पुढे एक इन्स्ट्रक्टर आणि तीन ठरलेले विद्यार्थी असा गट केला. एक जण आजारी पडला तर एकच गट घरी बसायचा.

सेसनात खांद्याला खांदा लागतो, अंतर ठेवायला जागाच नाही. खिडकी आणि हवेच्या झडपा उघड्या ठेवा, ब्रीफिंग मोकळ्यावर करा, हेडसेट प्रत्येकाचा स्वतंत्र. मास्क लावून चष्म्यावर वाफ येते आणि रेडिओवरचे शब्द दबतात. जमिनीवर इंजिन सुरू असताना टॉवरऐवजी एकमेकांशी बोलून तपासून घ्या. पुसायला सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापडावर घेऊन. फवारायचं नाही, आणि वाळल्याशिवाय बॅटरी चालू करायची नाही. खिडकीच्या अॅक्रिलिकला अल्कोहोल लावू नका, त्यावर बारीक तडे पडतात आणि पुढे उन्हाकडे तोंड करून उतरताना समोरचं दिसत नाही.

परतीचं पहिलं उड्डाण

विमानही तुमच्याइतकंच घरी बसलेलं असतं. २०२० मध्ये उभ्या विमानांच्या पिटो नळ्या (ज्यांवरून वेग कळतो) तुंबल्याबद्दल युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेला खास इशारा द्यावा लागला होता. आपल्याकडे कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला दोन दिवस पुरतात. पिटो आणि स्टॅटिक स्वतः बघा, कव्हर होतं म्हणून सोडू नका. काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनच्या आवरणात, साळुंकीचं घरटं. टायर एका बाजूने चपटे. टाकीतलं इंधन प्रत्येक ड्रेनमधून काढून उजेडात धरा, पावसाळ्यानंतर पाणी असणारच असं समजून. आणि टेकऑफच्या धावेत वेगाचा काटा हलला नाही तर तिथेच थांबा.

दोन महिन्यांपेक्षा मोठा खंड असेल तर मी कुणालाच एकटं सोडत नाही, मग त्याचे तास पाचशे असोत. नियम तीन लँडिंग मागतो. मी तीन दिवस मागते. पहिल्या दिवशी सकाळच्या शांत हवेत इन्स्ट्रक्टरबरोबर स्लो फ्लाइट, स्टॉल (वेग घटून पंखांची उचल जाणं) आणि पाच-सहा सर्किट, एका तासात आटोपून घरी. दुसऱ्या दिवशी इंजिन बंदचा सराव, गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं), फ्लॅपशिवाय लँडिंग. तिसऱ्या दिवशी थोडा वारा असताना, आणि मग एकट्याने. एका दिवसात तीन तास उडून सगळं वसूल करायचा प्रयत्न करू नका. दुसऱ्या तासानंतर दमलेला हात चुकीचंच शिकतो.

शरीर आणि विमान तयार असलं तरी मन कुठे आहे ते विचारा. २२ मे २०२० रोजी कराचीत कोसळलेल्या विमानात ९९ पैकी ९७ जण गेले. जमिनीवरही जीव गेला. प्राथमिक अहवाल मांडताना तिथल्या मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की वैमानिक अप्रोचमध्ये करोनाबद्दल, आपापल्या कुटुंबांबद्दल बोलत होते. मला त्या दोघांचा राग येत नाही. त्या महिन्यांत आपण सगळेच तेच बोलत होतो. म्हणून आम्ही ब्रीफिंगच्या सुरुवातीला पाच मिनिटं घरची विचारपूस ठेवली: कोण आजारी आहे, कुणाचा पगार थांबलाय, रात्री झोप लागली का. एखाद्याचं उत्तर ऐकून त्या दिवशी उड्डाण रद्द केलं तर त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. इंजिन सुरू झाल्यावर मात्र घरचा विषय बंद.

सवलत संपायची तारीख जवळ आली की सगळे एकदम जागे होतात आणि एक्झामिनरकडे पुन्हा रांग लागते. ती तारीख तक्त्यात लाल करा आणि तिच्या दोन महिने आधीचा चेक मागा. सवलत पुन्हा वाढेल या आशेवर एक दिवसही काढू नका.

आणि लॉगबुकच्या शेऱ्याच्या रकान्यात फक्त 'सर्किट' लिहून सोडू नका, काय चुकलं ते लिहा. टाळेबंदीनंतरच्या माझ्या पहिल्या उड्डाणासमोर लिहिलंय: 'फ्लेअर उंच, दोनदा. आरटी (रेडिओवरचं बोलणं) अडखळली. फ्लॅप उशिरा.' दुसऱ्यासमोर: 'फ्लेअर एकदा उंच. आरटी ठीक.' तिसऱ्यासमोर: 'सगळं ठीक. उद्या क्रॉसविंड.'